शेवटचा शब्द लहानूचा

आमच्या घरी मी अर्धवट बोलणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. "अगं, तो माझा चष्मा जरा…" एवढं म्हणून मी थांबतो. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "जरा काय? पुढं बोला की!" पुढचं मला माहीत असतं, पण शेवटचा शब्द स्वतःच्या तोंडून काढायची सवयच राहिलेली नाही. कामाची सगळी वर्षं मी गाण्याची ओळ शेवटच्या शब्दाआधी सोडून दिली आणि तो शब्द शेजारी बसलेल्या लहानूने टाकला. लोक हसायचे ते त्या शब्दाला. माझं कर्तृत्व काय, तर वेळेवर गप्प बसणं. संसारात हे कुणाला जमत नाही, मी त्यावर नाव कमावलं.

संपादकांचा फोन आला, "दिवाळी अंकासाठी तुमच्या व्यवसायाविषयी लिहा." मी विचारलं, "कुठल्या? चिकूच्या?" ते म्हणाले, "चिकूवर कृषी अधिकारी लिहितायत. तुम्ही ते गाण्यांचं लिहा." म्हणजे आमचा खरा व्यवसाय अजून कुणाच्या तरी लक्षात आहे. डहाणूच्या बाजारात एका फोटोग्राफरच्या दुकानाबाहेर आमची पाटी होती: 'वसंत आणि लहानू. कोणत्याही गाण्याची वाट लावून मिळेल.' वसंत म्हणजे मी.

बाहेरच्या माणसाला धंदा समजावून सांगतो. सीमेपलीकडून, गुजरातेतून, आमच्याकडे एक शब्द आलाय, फटाणं. लग्नात बायका समोरच्या पक्षाची सुरात टर उडवतात, ते फटाणं. आम्ही तेच पुरुषांच्या आवाजात, पेटी-ढोलकीवर, सगळ्यांच्या ओठावर असलेल्या चालीत करायचो. चाल ओळखीची हवी, शब्द मात्र कुणी न ऐकलेले. मी गंभीर चेहऱ्याने, एखाद्या शास्त्रीय गायकाला शोभेल अशा भावाने ओळ उचलायची, शेवटच्या शब्दापाशी आणून हवेत सोडायची, आणि लहानूने ती पाडायची. 'पाडणं' हा त्याचाच शब्द, झाडावरून फळ पाडतात तसा. शब्द लवकर पडला तर कच्चा, उशिरा पडला तर सडका. मधे जो एवढासा क्षण असतो, त्यावर आम्ही दोघं जेवलो.

माल कुठून आणायचा? लग्नघरी पोचलो की लोक आम्हाला खुर्च्यांवर बसवून सरबत द्यायचे. मी सरबत प्यायचो. लहानू मागच्या बाजूला, आचाऱ्याच्या चुलीजवळ भाजी चिरणाऱ्या बायकांत जाऊन बसायचा, एखादा भोपळा ओढून घ्यायचा आणि चिरायला लागायचा. भोपळा संपेपर्यंत नवऱ्या मुलाच्या काकाने मोटरसायकल कशी विहिरीत घातली इथपासून सगळं त्याच्याकडे जमा. एक पथ्य मात्र त्याने घालून दिलं होतं. माणूस ज्याची बढाई मारतो त्यालाच टोचायचं. जे त्याच्या अंगाला जन्माचं चिकटलंय, रंग, व्यंग, ओस पडलेली कूस, त्याला हात लावायचा नाही.

आमची जोडी जमली ती आमच्याच चिकूच्या वाडीत. लहानू सायवनचा. माझ्या वडिलांच्या वेळी चिकू उतरवायला यायचा. मी तेव्हा कॉलेजात एका मुलीच्या प्रेमात पडलो होतो, आणि ही बातमी त्या मुलीला सोडून बाकी सगळ्यांना होती. एका दुपारी झाडाखाली बसून, त्या काळी गाजलेल्या एका चालीवर स्वतः रचलेली विरहाची ओळ मी डोळे मिटून आळवत होतो, "तुझ्यावाचून या डोळ्यांत दुसरं काही…" आणि 'काही'वर लांबलचक तान घेतली. वरून फांद्यांतून त्याच सुरात, त्याच तालात आवाज आला,

"…गेलं असल शेठ, चोळू नको!"

विरह तिथंच संपला. मी इतका हसलो की वडील काठी घेऊन बघायला आले. शेठ खरे ते होते, मी नावाचाच. पण लहानूने मला आजपर्यंत शेठच म्हटलं आणि अरे-तुरेच केलं. दोन्ही एकदम फक्त त्यालाच जमतं.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. कोसबाडला एका शेतकरी मेळाव्यात चिकूच्या बीत शिरणाऱ्या अळीवर आम्ही प्रेमगीत केलं होतं, 'काळजात नाही गं, बियाण्यात घर केलंस' असं. एक म्हातारे बागायतदार डोळे पुसत भेटायला आले. मला वाटलं हसून पाणी आलं. तर म्हणाले, "फार खरं लिहिलंत हो. माझी निम्मी वाडी गेली." रानशेतचे एक निवृत्त तलाठी तर रस्त्यात आडवे आले.

"काल माझ्या पुतण्याच्या लग्नात सगळ्यांची टर उडवली. माझी नाही. का?"

"राहून गेलं, भाऊ."

"राहून गेलं? मी काय इतका किरकोळ माणूस आहे?"

मग त्यांच्या ओटीवर बसून एकट्या त्यांच्यासाठी गाणं रचावं लागलं. ते मधे मधे दुरुस्त्या सांगत होते. "कडक नका म्हणू, करडा म्हणा. आणि मिशीचं येऊ दे." लहानूने शेवटी त्यांनाच शेवटचे शब्द पाडायला बसवलं, तेव्हा कुठं त्यांचा राग गेला.

पण लहानू काय चीज आहे हे कळायला तलासरीकडच्या त्या लग्नाची गोष्टच सांगायला हवी. मुलगी आपल्या बाजूची, मराठी बोलणारी. मुलगा सीमेपलीकडचा, गुजराती बोलणारा. मी भरात येऊन नवऱ्या मुलाचं कौतुक सुरू केलं, "मांडवात आला नवरा, रुबाबदार नवरा, साऱ्या गावाचा लाडका नवरा…" जसजसा मी 'नवरा' आळवतो तसतशी वराकडची मंडळी उठून उभी राहायला लागली. मला वाटलं, काय रंगलंय! तेवढ्यात एक जाडजूड काका पुढं आले.

"अमारा छोकराने नवरो केम कह्यो? ए तो डबल पाळी करे छे!"

गुजरातीत नवरो म्हणजे रिकामटेकडा, हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. बाजारात रोज ऐकतो. पण गाताना माणसाची एकच भाषा चालू असते. कारखान्यात दोन-दोन पाळ्या करून लग्नाला सुट्टी काढून आलेल्या पोराला मी भर मांडवात, पेटीवर, पुन्हा पुन्हा रिकामटेकडा म्हणत होतो. मुलीचे वडील पांढरे पडले. कुणीतरी पेटीवर हात टाकला. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या शब्दाआधी थांबलो होतो आणि या खेपेला खरोखरच पुढचं काही सुचत नव्हतं. लहानूने ढोलकीवर एक थाप मारली आणि माझ्याच चालीत, काकांकडे बघून सूर लावला,

"आजे नवरो छे, काका… कालथी वहु एने कामे लगाडशे!"

आज रिकामा आहे, उद्यापासून बायको कामाला लावेल. आधी वराकडच्या बायका हसल्या. मग काका. मग ज्याने पेटीवर हात टाकला होता त्यानेच ती उचलून माझ्या मांडीवर नीट ठेवली. परत येताना मी म्हटलं, "लहानू, आज वाचवलंस." तो म्हणाला, "तू खड्डा चांगला खणतंस शेठ. खड्डा नसल त माना उडी मारून दाखवता नाय येत."

पुढं डीजेचे ट्रक आले आणि आमची लग्नं कमी झाली, हे सगळेच सांगतील. त्यात खोटं नाही. पण आम्ही डीजेमुळे थांबलो नाही. हंगाम नसताना लहानू खडीच्या क्रशरवर कामाला जायचा. दगड फुटताना तो शेजारी उभा असायचा. त्याचं काय होतंय हे आम्हाला कळलं फार उशिरा, आणि तेसुद्धा उलट्या बाजूने. एका कार्यक्रमानंतर तो मला म्हणाला, "शेठ, तू हल्ली हलू गातंस."

माझ्या जिवाला घोर लागला. आवाज जातोय! मी मिठाच्या गुळण्या सुरू केल्या. ज्येष्ठमध चघळायला लागलो. थंड पाणी बंद, लोणचं बंद. सकाळी वाडीत जाऊन असा काही खर्ज लावायचो की शेजारच्या वाडीतल्या रखवालदाराने निरोप पाठवला, गुरं बिथरतात. लहानू तरी म्हणे, "हलू." शेवटी एका कार्यक्रमात त्याने मागच्या कडव्याचा शब्द पुढच्या कडव्यात पाडला. लोक हसले, त्यांना तोच विनोद वाटला. माझी बायको पहिल्या रांगेत होती. घरी आल्यावर माझी गुळण्यांची बाटली तिने मोरीत ओतली आणि म्हणाली, "घसा तुमचा बरा आहे. त्याचे कान बघा."

डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते लावून तो एकदा मांडवात बसला आणि दोनच ओळींत काढून खिशात घातलं. "पत्र्यावर खडी ओततात तसा वाजतं," म्हणाला. "सगला ऐकू येतं, तूच नाय येत." मग आम्ही पाटी उतरवली. समारंभ वगैरे काही नाही. दुकानदाराला ती जागा दुसऱ्या बोर्डासाठी हवीच होती.

त्यानंतरची माझी वर्षं चिकूत गेली. मी एकटा गाऊन पाहिलं. ओळ उचलायचो, सोडायचो, आणि ती तिथंच लटकायची. मुलीने दोनदा प्रेमाने शब्द टाकून पाहिला, पण ती शिकलेली, बरोबर शब्द टाकते. बायको टाकते तो खरा असतो. गंमत यायची ती लहानूच्या तिसऱ्याच शब्दाने. सायवनला गेलो की आम्ही त्याच्या ओट्यावर बसायचो. मी बोलायचो, तो मान हलवायचा. कधी बरोबर ठिकाणी हलायची, कधी नाही. एवढा बोलका माणूस समोर बसलेला असावा आणि आपल्याला त्याची आठवण यावी, हे विचित्रच.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं, जयवंतीचं लग्न ठरलं. मी गेलो तर ओट्यावर भांडण चाललेलं. जयवंती बापासमोर उभी राहून, एकेक शब्द तोडत, मोठ्याने बोलत होती.

"बाबा. माझ्या. लग्नात. तुमी दोघं. गाणार."

"डीजे हाय ना."

"डीजे सगल्यांच्या लग्नात असतो. तुमी सगल्यांच्या पोरींच्या लग्नात गायलात. मी काय कोणाची उसनी हाय?"

लहानूची बायको देवकीवहिनी सूप पाखडता पाखडता म्हणाली, "गाव हसल. ऐकू येत नाय नि बसलाय पाडायला."

हे त्याने ऐकलं नाही, पण तिच्या ओठांवर वाचलं. तो माझ्याकडे वळला. "तेच हाय शेठ. आपन बोललो नि लोक हसले तो धंदा. आपन चुकलो नि हसले, पोरीच्या सासरच्यांसमोर, तर…" त्याने वाक्य सोडून दिलं. पाडायचं माझ्याकडे आलं, आणि मला कुठं येतंय पाडायला?

जयवंती मला म्हणाली, "काका, ते माझ्या तोंडाकडं बघून सगला ओळखतात. तुमच्या तोंडाकडं बघून का नाय ओळखनार?"

लहानूने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "तिचे ओठ दिसतात. याच्या ओठावर झाडू हाय."

माझी मिशी हा माझ्या व्यक्तिमत्त्वाचा एकमेव भरघोस भाग होता. आजोबांची तशी होती, वडिलांची तशी होती. सायवनच्या बाजारात न्हाव्याने वस्तरा हातात धरून विचारलं, "शेठ, नक्की ना? सुतक-बितक नाही ना काही?" मी म्हटलं, "लग्न आहे." तो गोंधळला, पण कामाला लागला. घरी आलो तर बायकोने दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" रात्रीच्या जेवणापर्यंत ती माझ्याशी 'अहो-जाहो'च्याही पलीकडच्या आदराने बोलत होती.

तालमी आमच्या वाडीत झाल्या. इतकी वर्षं आम्ही शेजारी शेजारी, लोकांकडे तोंड करून बसलो. आता तो माझ्यासमोर बसला, पाठ लोकांकडे. गाताना लहानूचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. शब्द पाडायच्या आधी त्याची डावी भुवई किंचित वर जाते, हे मला माहीतच नव्हतं. ताल त्याचा पक्का होता. म्हणायचा, "ढोलकी हाताला ऐकू येते." घोळ व्हायचा अक्षरांचा. प, ब, म बोलताना ओठ सारखेच मिटतात. "पाय बोलतंस, बाय बोलतंस का माय बोलतंस, माना सगला एकच दिसतं," तो वैतागायचा. म्हणून गाण्यातून असे शब्द आम्ही वेचून काढले. पापड गेला, भात राहिला नाही, पाहुणे हद्दपार झाले. असं निवडलेलं, कोरडं गाणं घेऊन मी लग्नाला गेलो.

दुपारची वेळ. हिरव्या फांद्यांचा मांडव, बाहेर रस्त्यावर डीजेचा ट्रक धडधडतोय. जयवंती हळदीच्या पिवळ्या अंगाने, मुंडावळ्या हातात धरून स्वतः ट्रकपाशी गेली. नवऱ्या मुलाच्या मित्रांना म्हणाली, "जरा बंद ठेवा. माझे बाबा गाणार आहेत." इतकं शांत झालं की मांडवातली बाळं रडायला लागली.

आम्ही समोरासमोर बसलो. पहिली ओळ मी उचलली, सोडली. लहानूची भुवई वर गेली. शब्द पडला, अगदी पिकल्या वेळी. मांडव हसला. दुसरी ओळ, तिसरी. नवऱ्या मुलाच्या मोबाइलवर, त्याच्या आत्याच्या पंजाबी ड्रेसवर, जावयाला सासऱ्याने द्यायच्या कोंबड्यावर. देवकीवहिनी खांबाला धरून बसली होती, तिने खांब सोडला. सासरची मंडळी एकमेकांना कोपरं मारत होती. लहानू वीस वर्षांनी तरुण दिसत होता, आणि मी, बिनमिशीचा, बहुतेक तसाच. मला चढलं. आणि चढलं की मी रचून आणलेलं सोडून समोर दिसेल त्यावर उचलतो, ही माझी जुनी खोड.

समोर जयवंतीचा मामा नाचत होता. नवा कुर्ता, सैल पायजमा, नाडी लोंबतेय. मी उचललं,

"नवा कुर्ता घालून मांडवात मिरवतो मामा,
उद्या सकाळी शोधेल तर सापडणार नाही…"

आणि सोडलं. सगळ्या मांडवाला पुढचा शब्द दिसत होता. पोरं 'पायजमा' ओरडायला तोंड उघडून बसली होती. मामासुद्धा नाडी धरून तयार होता.

लहानूच्या अंगावर नवा कुर्ता होता. जयवंतीनेच आणला होता. त्याने माझ्या मिटल्या-उघडल्या ओठांवर मामा वाचला नाही. बाबा वाचला. त्याची भुवई वर गेली नाही. त्याने ठरल्या वेळेपेक्षा जरा थांबून, आमच्या सगळ्या वर्षांत कधीच थांबला नव्हता इतका थांबून, माझ्याकडे न बघता मागं वळून मांडवाकडे बघितलं, आणि सुरात म्हणाला,

"…लेक."

कुणी हसलं नाही. पोरांची तोंडं उघडीच राहिली. मामाने नाडी सोडली आणि कुर्त्याची बाही डोळ्यांना लावली. जयवंती पाटावरून अर्धवट उठली होती, तिला करवलीने खांद्याला धरून ठेवलं होतं. कोपऱ्यात लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायका होत्या, त्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने तोंडाला पदर लावला.

लहानूला यातलं ऐकू काहीच येत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की लोक हसत नाहीत. तो माझ्याकडे वळला. चेहरा घाबरलेला. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं,

"शेठ, चुकला काय?"

मी त्याच्याकडे बघून, सावकाश, ओठ नीट हलवत म्हटलं, "नाही."

"नाय ना?"

"नाही, लहानू."

त्याने ते वाचलं. पुन्हा एकदा माझ्या ओठांकडे बघून खात्री केली. मग ढोलकी मांडीवर ओढून घेतली आणि थाप सुरू केली.

"मग गा की पुढं!"

पुढची ओळ मला उचलता येईना. आज लपायला मिशीही नव्हती. लहानूने घाई केली नाही. माझ्या तोंडाकडे बघत तो ठेका धरून बसून राहिला.